पापण्यांचं सिरम निवडताना: आधी कारण, मग बाटली



पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांची एक तक्रार मला हमखास ऐकू येते: "विषय मिळाला, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?" आज हे आपण एका अगदी घरगुती विषयावर करून पाहू. विषय आहे उतारवयात विरळ झालेल्या पापण्या आणि त्या वाढवण्यासाठी मिळणारी सिरम. विषय किरकोळ वाटेल. पण लेख संपेपर्यंत यात काचबिंदू, कुष्ठरोग, पापणीचा कर्करोग आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली टक्कल पडण्याची घटना, एवढं सगळं येणार आहे. तेव्हा वही घेऊन बसा.

समजा, खामगावच्या ६४ वर्षांच्या एक काकू तुम्हाला विचारतात, "पोरी, पापन्या गयाल्या माह्या. मोबाइलवर दाखवतेत ते शिरम घेऊ का? कोनतं घेऊ?"

आपल्यातले बहुतेक जण लगेच मोबाइल काढतील, चार-पाच नावं, किमती आणि तारे बघतील आणि सगळ्यात जास्त तारे असलेलं नाव सांगतील. हे गिऱ्हाइकाचं उत्तर झालं. संशोधकाने आधी प्रश्नच उलटसुलट करून बघायचा असतो. "कोणतं सिरम?" असं विचारताना काकूंनी दोन गोष्टी आधीच मान्य करून टाकल्या आहेत. एक, पापण्या वयामुळेच गेल्या. दोन, सिरम लावलं की त्या येतात. यातली एकही गोष्ट अजून तपासलेली नाही. प्रश्नाच्या पोटात दडलेली अशी गृहीतकं बाहेर काढली की निम्मं सिनॉप्सिस तिथेच तयार होतं.

आधी शब्द नक्की करा

मराठीत 'पापणी' म्हणजे डोळ्यावरची झापड, आणि तिच्या कडेला असणारे केसही पापण्याच. काकू म्हणतात "पापन्या गयाल्या", तेव्हा त्यांचे केस गळाले आहेत, तुटले आहेत, आखूड झाले आहेत, की फक्त पांढरे पडल्याने दिसत नाहीत? या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि चारही वेगळ्या पद्धतीने मोजाव्या लागतात. संख्या मोजायची की लांबी, जाडी की रंग, हे आधी ठरवणं म्हणजे कार्यात्मक व्याख्या. मेथडॉलॉजीच्या पेपरमध्ये आपण तिची व्याख्या पाठ करतो. ती अशा ठिकाणी कामाला येते. या लेखापुरतं मी केसांना 'पापण्या' म्हणते आणि झापडेला 'पापणीची कातडी'.

शेगाव तालुक्यात काय घडलं

आता थोडं बाजूला जाऊ. कारण न शोधता उपाय शोधला तर काय होतं, हे आपल्या जिल्ह्याइतकं ताजं कुणी पाहिलेलं नाही.

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांत लोकांच्या डोक्याचे केस अचानक गळायला लागले. डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. पुढे सांगितल्या गेलेल्या आकड्यांनुसार १८ गावांत मिळून २७९ जणांना हा त्रास झाला. त्यात कॉलेजच्या मुली होत्या. त्यांच्या शिक्षणावर आणि जुळत आलेल्या लग्नांवर परिणाम झाला. कुणी पाण्याकडे बोट दाखवलं, कुणी शाम्पूकडे. त्वचारोगतज्ज्ञांना सुरुवातीला बुरशीच्या संसर्गाची शंका आली. पाण्याचे नमुने गेले, त्वचेचे नमुने गेले, आयसीएमआरचं पथक आलं.

पाण्यावर संशय येणं साहजिक होतं. हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, इथलं भूजल खारं. पण इथे जरा थांबा आणि विचार करा. पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारं आहे आणि केस मात्र याच डिसेंबरमध्ये गळाले. जे कायमच होतं, ते अचानक झालेल्या बदलाचं एकटं कारण होऊ शकत नाही. 'अलीकडे नवीन काय आलं?' हा प्रश्न विचारावाच लागतो.

विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे पद्मश्री डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तो विचारला. त्यांनी गावात येऊन नमुने घेतले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधलं. त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार त्या गव्हात स्थानिक गव्हाच्या तुलनेत सेलेनियम सुमारे ६०० पट होतं. बाधितांच्या रक्तात ते ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं होतं, तर झिंक मात्र कमी होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातून नखं विद्रूप होऊन गळत असल्याच्या बातम्या आल्या. सेलेनियमच्या विषबाधेत केस आणि नखं दोन्ही जातात. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच घडलं होतं. अमेरिकेत २००८ मध्ये एका पातळ पूरक आहारात लेबलवरच्या प्रमाणापेक्षा सुमारे २०० पट सेलेनियम गेलं, तेव्हा १० राज्यांतल्या २०१ जणांना बाधा झाली. त्यांचेही केस आणि नखं गेली.

यात तुमच्यासाठी दोन धडे आहेत. पहिला: रक्तात सेलेनियम सापडणं ही एक पायरी आणि ते नेमकं कुठून आलं हे दाखवणं ही दुसरी पायरी. बावस्करांनी रेशनचा गहू आणि स्थानिक गहू यांची तुलना केली, ती या दुसऱ्या पायरीसाठी. तो गहू कोणत्या शेतातून, कोणत्या गोदामातून आला हे दाखवायचं तर तिसरी पायरी, आणि तिला पुरवठ्याच्या नोंदी लागतात. एका पायरीचा पुरावा दुसरीला चिकटवायचा नाही.

दुसरा धडा थेट आपल्या सिरमचा आहे. समजा, त्या जानेवारीत कुणी बोंडगावात केस वाढवायचं सिरम विकायला आला असता. लोकांनी ते लावलं असतं. विषारी घटक पोटात जायचा थांबला की केसांची मुळं पुन्हा कामाला लागतात, त्यामुळे काही आठवड्यांनी केस दिसू लागले असते. विकणाऱ्याने आधीचे-नंतरचे फोटो छापले असते, फोटो शंभर टक्के खरे असते आणि निष्कर्ष शंभर टक्के खोटा. सिरमच्या प्रत्येक जाहिरातीतले दोन फोटो बघताना हे डोक्यात ठेवा.

पापण्या विरळ का होतात

वयानुसार पापण्या आखूड, बारीक आणि फिकट होत जातात हे खरं आहे. पण काकूंचं वय ६४ आहे म्हणून कारण वयच आहे, हे सिद्ध होत नाही. याच वयात खालच्या गोष्टीही होतात:

- पापणीच्या कडेची सूज: कडेला कोंड्यासारखे पापुद्रे, सकाळी चिकटपणा, खाज. केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडेही यात सापडतात. गरम शेक आणि कडांची स्वच्छता ही इथली पहिली पायरी.
- थायरॉइड कमी पडणं: पापण्यांबरोबर भुवयांचा बाहेरचा भाग विरळ होतो. सोबत थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता.
- चाई: शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. गोल चट्टे पडतात, पापण्याही जाऊ शकतात.
- कुष्ठरोग: जिवाणूंचं प्रमाण जास्त असलेल्या प्रकारात भुवया आणि पापण्या झडतात. २००५ च्या अखेरीस देशाच्या पातळीवर याचं 'निर्मूलन' जाहीर झालं. त्याचा अर्थ रुग्णसंख्या दर १०,००० लोकांमागे एकाच्या खाली आली, एवढाच. विदर्भात रुग्ण आजही सापडतात आणि सरकारी दवाखान्यात उपचार मोफत मिळतात.
- केमोथेरपी आणि काही औषधं.
- पापणीचा कर्करोग: एकाच जागच्या पापण्या गेल्या आणि तिथे गाठ किंवा पुन:पुन्हा येणारी 'रांजणवाडी' असेल, तर उतारवयात ती रांजणवाडी नसूही शकते. तेलग्रंथींचा कर्करोग नेमकं हेच सोंग घेतो. पापणीच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा भारतात बरंच जास्त आहे.

या यादीतल्या शेवटच्या ओळीसाठीच मी हा विषय निवडला. अशा बाईने चार महिने निष्ठेने सिरम लावलं, तर पैसे गेले ते गेलेच. पण तिचे ते चार महिनेही गेले, आणि कर्करोगात चार महिन्यांची किंमत फार मोठी असते.

केसाचं घड्याळ

वरच्या पापणीला साधारण ९० ते १६० केस असतात, खालच्या पापणीला ७५ ते ८०. प्रत्येक केसाचं स्वतंत्र चक्र चालतं: वाढ, मग आकसणं, मग विश्रांती आणि गळणं. डोक्याचा केस काही वर्षं वाढत राहतो आणि कुठल्याही क्षणी डोक्यावरचे ८५-९० टक्के केस वाढीच्या टप्प्यात असतात. पापणीचा केस जेमतेम महिना-दोन महिने वाढतो आणि उरलेला बराच काळ नुसता बसून राहतो. म्हणून पापण्या वेणीएवढ्या होत नाहीत.

वाढीच्या टप्प्यात पापणी रोज साधारण ०.१२ ते ०.१४ मिलिमीटर वाढते. आता गणित करा. "७ दिवसांत १ मिलिमीटर वाढ!" असा दावा दिसला तर ७ × ०.१४ = ०.९८. म्हणजे वाढीत असलेली एखादी पापणी काहीही न लावता आठवड्यात जवळपास तेवढी वाढतेच. दावा आकड्याने खरा ठरू शकतो आणि तरी सिरमबद्दल काहीच सांगत नाही. या चक्रामुळेच पापण्यांवरच्या चांगल्या चाचण्या काही आठवड्यांत आटोपत नाहीत, तीन-चार महिने चालतात.

ज्याला खरोखर पुरावा आहे ते औषध

पापण्या वाढवणाऱ्या औषधाचा शोध पापण्यांसाठी लागलाच नाही. काचबिंदूत डोळ्यातला दाब कमी करायला प्रोस्टाग्लँडिन गटाचे थेंब देतात. त्यातलं लॅटानोप्रोस्ट अमेरिकेत १९९६ मध्ये बाजारात आलं आणि १९९७ मध्येच ते वापरणाऱ्यांच्या पापण्या लांब, दाट आणि काळ्या होत असल्याची नोंद प्रसिद्ध झाली. डॉक्टरांनी त्याला 'दुष्परिणाम' म्हणून सोडून दिलं नाही, लिहून ठेवलं. डेटामध्ये न शोधलेली गोष्ट दिसली तर तुम्हीही खोडू नका, लिहून ठेवा.

पुढे याच गटातल्या बिमॅटोप्रोस्टची ०.०३ टक्के द्रावणाच्या रूपात पापण्यांसाठी चाचणी झाली आणि अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २००८ मध्ये त्याला विरळ पापण्यांसाठी मान्यता दिली. ही चाचणी आपण पाच खान्यांत वाचू. कुठलाही पेपर हातात आला की हेच पाच खाने भरायचे.

कोणात? २७८ प्रौढ, बहुतेक स्त्रिया, अमेरिकेत, बहुतेक गोऱ्या वर्णाच्या.
काय दिलं? १३७ जणांना बिमॅटोप्रोस्ट, दिवसातून एकदा, वरच्या पापणीच्या मुळाशी ब्रशने.
कशाशी तुलना? १४१ जणांना तेच द्रावण, फक्त औषधाविना. कुणाला काय मिळालं हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्याला.
काय मोजलं? चार पायऱ्यांच्या श्रेणीवर किमान एका पायरीची सुधारणा.
किती काळात? १६ आठवडे.

निकाल: औषधाच्या गटात ७८ टक्के लोकांत एका पायरीची सुधारणा, दुसऱ्या गटात १८ टक्के. लांबी औषधाच्या गटात सरासरी १.४ मिलिमीटरने वाढली, दुसऱ्यात ०.१ ने.

आता त्या १८ टक्क्यांकडे पाहा. त्यांच्या बाटलीत औषधच नव्हतं! तरी दर शंभरात १८ जणांच्या पापण्या तपासणाऱ्याला सुधारलेल्या वाटल्या. कुणाचं चक्र वाढीच्या टप्प्यात आलं असेल, कुणी डोळे चोळणं सोडलं असेल, काही मोजण्यातली चूक असेल. म्हणून औषधाचं श्रेय ७८ नाही, ७८ वजा १८, म्हणजे ६०. एकाला भागिले ०.६० केलं तर १.६७ येतं: दोघांना औषध दिलं तर साधारण एकाला औषधामुळे फायदा. हा खूप चांगला आकडा आहे. आणि ज्या सिरमकडे तुलनेचा गटच नाही, त्याने "आमच्या १८ टक्के ग्राहकांना फरक जाणवला" म्हटलं, तर तो साध्या पाण्याचाही फरक असू शकतो.

चाचणीचा खर्च औषध बनवणाऱ्या अ‍ॅलर्गन कंपनीने केला होता. एवढ्यावरून निकाल फेकून द्यायचा नाही. पण नोंद करायची, आणि कंपनीने काय मोजलं नाही तेही बघायचं.

मग काकू या चाचणीत कुठे बसतात?

इथेच नवखे संशोधक चुकतात. चाचणी चांगली आहे म्हणून ती सगळ्यांना लागू होते असं नाही. चाईमुळे पापण्या गेलेल्या ११ जणांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. एका डोळ्याला लॅटानोप्रोस्ट किंवा बिमॅटोप्रोस्ट, दुसरा डोळा तसाच, १६ आठवडे. उपयोग दिसला नाही. ११ हा नमुना लहान आहे, त्यामुळे 'कधीच उपयोग होत नाही' असंही म्हणता येणार नाही. पण ७८ टक्क्यांचा आकडा चाईच्या रुग्णाला सांगणं नक्कीच चूक. कारण बदललं की आकडा बदलतो. थायरॉइड, कुष्ठरोग, कडेची सूज यांचंही तेच.

वयाचं काय? औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात वृद्ध आणि इतर प्रौढ यांच्यात परिणामकारकतेचा एकूण फरक दिसला नाही असं म्हटलं आहे. पण उतारवयात डोळ्यांचा इतिहास वेगळा असतो, म्हणून धोक्यांची यादी वेगळ्या नजरेने वाचावी लागते:

- काचबिंदूसाठी याच गटाचे थेंब आधीच चालू असतील तर वरून हे लावल्याने दाब कमी होण्यात अडथळा येऊ शकतो. पापण्यांच्या नादात दृष्टीशी खेळ.
- मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल आणि त्यात भिंगामागचा पडदा फाटलेला असेल, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येण्याचा धोका लक्षात घ्यावा लागतो.
- पापणीची कातडी काळवंडू शकते. औषध बंद केल्यावर ती बहुतेक वेळा निवळते. बुबुळाभोवतीचा रंग गडद झाला तर तो मात्र कायमचा राहण्याची शक्यता असते.
- डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन खोबणी खोल दिसू शकते. वयामुळे आधीच आत गेलेल्या डोळ्यांत हे जास्त उठून दिसतं.
- शंभरात तीन-चार जणांना खाज किंवा लाली येते.

शिवाय औषध थांबवलं की काही आठवड्यांत-महिन्यांत पापण्या पूर्ववत होतात. म्हणजे हा एकदाचा उपाय नसून चालू ठेवायचा खर्च आहे.

आपल्याकडे बिमॅटोप्रोस्टचे थेंब काचबिंदूसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. काही जण तीच बाटली पापण्यांसाठी परस्पर मागवतात. ज्याने डोळ्यातला दाब बदलतो ते औषध दाब न मोजता वापरणं शहाणपणाचं नाही.

बाकीच्या बाटल्यांत काय असतं

बाजारातली बहुतेक सिरम कॉस्मेटिक म्हणून विकली जातात. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छतेसाठी, सौंदर्य वाढवण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी लावायची वस्तू. शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी असेल तर ती औषधाच्या व्याख्येत जाते. आता गंमत बघा. सिरम खरंच केसांच्या मुळांचं काम बदलत असेल तर ते औषधासारखं वागतंय, आणि बदलत नसेल तर 'वाढ' हा शब्द कशासाठी? लेबल वाचताना हा एक प्रश्न हाताशी ठेवला तरी पुष्कळ उलगडतं.

*प्रोस्टाग्लँडिनचे भाऊबंद.* काही कॉस्मेटिक सिरममध्ये आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट किंवा नावात 'क्लोप्रोस्टेनोलअमाइड' असलेले घटक असतात. ही सिरम खरोखर वाढ दाखवू शकतात, पण वरच्या यादीतले धोकेही सोबत आणतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीविना. एफडीएने २०११ मध्ये अशा उत्पादनांबद्दल एका कंपनीला इशारापत्र दिलं. युरोपीय आयोगाच्या ग्राहक सुरक्षेच्या वैज्ञानिक समितीनेही २०२२ मध्ये या घटकांच्या सुरक्षिततेबद्दल चिंता नोंदवली.

*पेप्टाइड, पँथेनॉल, हायलुरॉनिक आम्ल.* हे केसावर थर देतात, ओलावा धरतात. केस तुटण्याचं प्रमाण कमी होऊन पापण्या भरलेल्या दिसू शकतात. 'दिसणं' आणि 'उगवणं' हे दोन वेगळे परिणाम आहेत.

*एरंडेल.* आजीचा उपाय. त्याने पापण्या उगवतात याला नियंत्रित चाचणीचा आधार नाही. तेलाचा थर बसला की केस जाड आणि काळेभोर दिसतात, तेवढं खरं. डोळ्यात गेलं की नजर धूसर होते.

*गोळ्या.* बायोटिन कमतरता असेल तरच कामाचं. जास्त डोसमध्ये ते काही रक्ततपासण्यांत गडबड करतं आणि त्यात थायरॉइडची तपासणी आहे. म्हणजे पापण्या थायरॉइडमुळे गेल्या का हे बघायला रक्त द्यायचं आणि पापण्यांसाठी घेतलेल्या गोळीमुळेच अहवाल चुकायचा! तपासणीआधी अशा गोळ्या डॉक्टरांना सांगितल्याच पाहिजेत. आणि 'केस-त्वचा-नखं' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत सेलेनियम असतं. शरीराला ते अगदी थोडं लागतं. जास्त झालं की काय होतं ते शेगाव तालुक्याला विचारा.

तर काकूंना काय सांगाल?

या क्रमाने:

१. आरशात बघा. दोन्ही डोळे सारखे आहेत की एकच? एकाच जागी की सगळीकडे? भुवया, डोकं, नखं कशी आहेत? कडेला कोंडा, लाली, गाठ? कातडीवर बधिर चट्टा?

२. एकाच जागचं गळणं, गाठ, चट्टे, भुवया जाणं, अचानक झालेली गळती, यातलं काहीही असेल तर सिरमचा विषय तिथेच बंद. नेत्रतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ. जवळच्या सरकारी रुग्णालयापासून सुरुवात करता येते.

३. यातलं काहीच नसेल, बदल हळूहळू आणि दोन्हीकडे सारखा असेल, तर वय हे कारण पटण्यासारखं आहे. मग तीन रस्ते: काहीच न करणं, हाही पूर्ण सन्माननीय पर्याय आहे, दिसण्यापुरता मस्कारा किंवा साधं कंडिशनिंग सिरम, नाहीतर डोळ्यांची तपासणी करून, नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने बिमॅटोप्रोस्ट.

४. कॉस्मेटिक सिरम घ्यायचंच असेल तर घटकांची पूर्ण यादी छापलेलं घ्या आणि त्यात 'प्रोस्ट' अक्षरं असलेलं नाव दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. घटकांची यादीच नसेल तर बाटली परत ठेवा.

५. १६ आठवड्यांचा हिशोब धरा. आधी एक फोटो, मग दर चार आठवड्यांनी एक, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, तेवढ्याच अंतरावरून.

आता तुमची पाळी

काकूंच्या "कोणतं घेऊ?" पासून निघून आपण कुठे आलो बघा. संशोधनाचा प्रश्न आता असा लिहिता येईल: 'इतर कोणतंही कारण न सापडलेल्या, ६० वर्षांवरील स्त्रियांमध्ये, अमुक घटक असलेलं सिरम १६ आठवडे लावल्यास, त्याच द्रावणाच्या घटकविरहित रूपाच्या तुलनेत, वरच्या पापण्यांची लांबी किती मिलिमीटरने वाढते?' लांबलचक आहे, कानाला गोड नाही, पण याचं उत्तर मिळू शकतं.

यावर एक पानाचा आराखडा लिहून बघा. एकाच बाईच्या एका डोळ्याला घटक असलेलं आणि दुसऱ्या डोळ्याला घटक नसलेलं द्रावण, अशी रचना घेतलीत तर मोठी सोय होते: वय तेच, गहू तोच, पाणी तेच, झोप तीच. पण तोटेही लिहा. हाताने डोळे चोळले की एका बाजूचं दुसरीकडे जाईल. एकच पापणी काळवंडली तर त्या बाईने समाजात कसं वावरायचं? हा नीतिसमितीचा प्रश्न आहे आणि तो पहिल्या पानावर यायला हवा. कोणत्या डोळ्याला काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. फोटो मोजणाऱ्याला ते कळू देऊ नका. सहभागी घेण्याआधी चाचणीची नोंद सीटीआरआयवर करावी लागते, भारतात १५ जून २००९ पासून हे बंधनकारक आहे. आणि सगळ्यात आधी, कुणाला अभ्यासात घ्यायचं नाही याची यादी करा. वरच्या कारणांच्या यादीवरूनच ती तयार होईल. त्या यादीमुळे गाळल्या गेलेल्या प्रत्येक बाईला पुढे कुठे पाठवायचं, तेही त्याच पानावर लिहा. आपल्या अभ्यासाला ती नको असली तरी तपासणीची गरज तिलाच सगळ्यात जास्त आहे.

आराखडे कमेंटमध्ये टाका. मी वाचते आणि उत्तर देते. पुढच्या लेखात याच आराखड्यासाठी नमुना किती मोठा लागेल, ते सूत्र न घाबरता कसं काढायचं, ते पाहू.